शेवटचा शब्द कापलेला आवाज

रुग्णालयाच्या तळघरात एकतीस वर्षं एक्स-रे काढणाऱ्या त्या माणसाला सगळे फोटोवाले काका म्हणायचे. पेशंटला फळीला छाती टेकून उभं करायचं, त्याचे खांदे पुढे ओढायचे, काचेमागे जायचं आणि म्हणायचं, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." दिवसातून साठ-सत्तर वेळा. तुम्ही झोपेतही तेच बडबडता, असं काकू सांगायच्या. काका ते हसण्यावारी न्यायचे.

एकदा एक चित्रकार बाई वरिष्ठांची परवानगी घेऊन आली. तिला रद्दीत काढलेल्या, नावं कापलेल्या फिल्म हव्या होत्या. जाताना तिने काकांचा आवाजही रेकॉर्ड करून घेतला. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून काकूंसह गेले.

हॉलमध्ये काळोख होता. कपड्यांच्या दुकानात असतात तसे वीसेक पुतळे, अंगावर यंदाचे महागडे कपडे. पण छातीचा भाग कापून तिथे फिल्म बसवली होती आणि मागे दिवा. रेशमी गळ्याखाली बरगड्या. कोटाच्या दोन बटणांमध्ये कुणाचं तरी सुजलेलं हृदय. प्रत्येकाच्या मनगटाला किमतीची चिठ्ठी. त्यातल्या दोन फिल्म काकांनी ओळखल्या. ती माणसं आता हयात नव्हती.

मग छताकडून त्यांचाच आवाज आला. "श्वास घ्या. धरून ठेवा."

काका पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. जरा वेळाने पुन्हा तेवढंच.

हॉलमध्ये कुणी खोकत नव्हतं, पाय हलवत नव्हतं. श्वास कोण धरून आहे हे काकांना पाठमोऱ्या माणसावरूनही कळायचं. इथे सगळ्यांनीच धरला होता. काकू एका लांब करड्या कोटापुढे उभ्या होत्या. दोन हिवाळे त्या असला कोट रस्त्यावरून, दुकानाच्या काचेतून बघत आल्या होत्या. त्यांचे ओठ काळसर पडले होते.

"सोडा," काका रोजच्याच आवाजात म्हणाले.

सगळा हॉल एकदम सुटला. कुणीतरी ओशाळून हसलं. काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला. "अहो, किती वेळ उभी होते मी?"

काका तडक चित्रकार बाईकडे गेले. शेवटचा शब्द का कापलात, असं त्यांनी विचारलं.

"कारण दुकानात तो कुणीच म्हणत नाही, काका."

तरी काकांनी हेका सोडला नाही. आवाज माझा आहे, उद्या कुणाला भोवळ आली तर पाप माझ्या माथी, असं ते म्हणाले. बाईला ते पटलं. तिने त्यांच्यासमोरच आवाज बंद करवला.

आठवड्याने, सुट्टीच्या दुपारी, काका खात्री करायला एकटेच गेले. आवाज खरंच बंद होता. त्या दिवसापासून लावलेलाच नाही, असं दारावरच्या रखवालदाराने सांगितलं. माणसं गप्पा मारत आत येत होती आणि पुतळ्यांपुढे गप्प होत होती. खांदे वर जात होते, तिथेच राहत होते. काका मनात आकडे मोजू लागले. दहा. वीस. चाळीस. यांना कुणी काही सांगितलंही नव्हतं.

आता म्हणावं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. त्यांची स्वतःची छाती गच्च भरलेली होती, आणि केव्हापासून, ते त्यांना आठवेना. रखवालदाराने कोपराला धरून त्यांना बाहेर उन्हात आणलं.

घरी काकूंनी विचारलं, "केला का हो बंद आवाज?"

"हो, केलाय," काका म्हणाले, आणि चपला काढायला वाकले.