खाणीच्या तोंडाशी धरलेली नाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वृषालीला, म्हणजे बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, देवाला तर नाहीच — त्याला ठाऊक असणार, म्हणून मी त्याच्यापुढे विषयच काढत नाही. एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन झाल्यावर, त्या झोपलेल्या पेशंटच्या कानात सगळं सांगून मोकळं व्हावं असं फार वाटलं होतं. पण नर्स शेजारीच उभी होती. तिला मराठी येत नाही, पण माझा चेहरा तिला बरोबर वाचता येतो.

तुम्ही माझ्या सासरचे नाही, आमच्या इथल्या मराठी मंडळातले नाही. तुम्हाला सांगतो.

आधी थोडं माझ्याविषयी — मी मुद्द्यावर यायला वेळ काढतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला राहतो आणि भूल देणारा डॉक्टर आहे. रोज सकाळी लोकांच्या उशाशी उभं राहायचं, 'काही घाबरायचं नाही' म्हणायचं आणि त्यांना अंधारात पाठवायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि मी स्वतः? मी लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. हॉस्पिटलचे पाच मजले जिन्याने चढतो. लोक म्हणतात, पन्नाशीला आला तरी काय फिट आहे. मी विनयाने मान हलवतो. ट्यूबने शहरात जायचं टाळतो, कारण ती गाडी वाटेत जमिनीखाली शिरते. मग कारने जातो आणि पार्किंगसाठी तासभर घिरट्या घालतो. वृषालीला वाटतं, नवऱ्याला ड्रायव्हिंगची आवड आहे.

पण कबूल करायचं आहे ते हे नव्हे. भित्रा असणं हा काही गुन्हा नाही. नाही ना?

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. वृषालीचे आईवडील उन्हाळ्यात नागपूरहून आमच्याकडे आले होते. बाबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा एकोणसत्तरचे. ताठ चालणारे, सकाळी सूर्यनमस्कार घालणारे, आणि रविवारी सावजी मटण खाऊन वर पाणी न पिणारे. नागपूरजवळच्या एका कोळशाच्या खाणीत त्यांनी चौतीस वर्षं हजेरी बाबू म्हणून नोकरी केली. पाळी सुरू होताना खाली जाणाऱ्यांची नावं लिहायची, पाळी सुटल्यावर वर आलेल्यांच्या नावापुढे खूण करायची. स्वतः मात्र एकदाही खाली उतरले नाहीत. नोकरी लागली तेव्हा त्यांच्या आईने शपथ घातली होती — खाणीचं खा, पण खाणीत उतरू नको. बाबांनी ती पाळली. त्यांची आई गेली ती बाबांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी. मग त्यांनी उतरायच्या परवानगीसाठी अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत बाबांच्या खांद्यावर निरोपाची शाल पडली.

तुम्ही म्हणाल, याचा इंग्लंडशी काय संबंध? इंग्लंडशी नाही, वेल्सशी आहे. आमच्या मंडळाची त्या वर्षीची सहल दक्षिण वेल्सच्या डोंगरातल्या एका जुन्या खाणगावाला होती. गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. तिथली खाण कधीच बंद पडली आहे, पण पाहुण्यांना पाळण्यात बसवून — पाळणा म्हणजे लोखंडी पिंजराच तो — खाली नेतात आणि तासाभराने वर आणतात. वृषालीने हे वाचलं आणि वडिलांना सांगितलं. त्या दिवसापासून तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बाबांनी सहलीसाठी नवे बंद बूट घेतले आणि ते घालून आमच्या बागेत रोज सकाळी सराव केला. नागपूरच्या मित्रांना फोन करून करून सांगितलं, "उतरून राहिलो म्हणा बावा, एकदाचा उतरून राहिलो." ऐकताना मलाही बरं वाटायचं. आपण खाली जाणार नाही, वर कुठेतरी चहा पीत बसू, असं मी मनाशी ठरवलं होतं. काय कारण सांगायचं, तेवढं ठरवलं नव्हतं.

सकाळी सहाला कोच निघाली. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, अंताक्षरी — सगळं यथासांग झालं. मी अंताक्षरीत एकही गाणं म्हटलं नाही.

त्या गावात पोहोचलो तर चहूबाजूंनी हिरवे डोंगर, त्यांत काळ्या मातीचे ढीग, आणि उंच मनोऱ्यावर खाणीचं मोठं चाक. पाळणा त्याच्यावरच्या दोरानं वरखाली होतो. आम्हाला हेल्मेटं दिली, कमरेला जड पट्टा बांधला, कपाळावर दिवा लावला. घड्याळं, फोन, गाडीच्या किल्ल्या, बॅटरी असलेलं आपलं सगळं, ठिणगीच्या भीतीने, काढून ठेवायला सांगितलं. मंडळाच्या अध्यक्षांनी फोन देताना मूल पाळणाघरात ठेवावं तसा चेहरा केला. आमची ओवी, तेव्हा नऊ वर्षांची, आजोबांचा पट्टा घट्ट करत म्हणाली, "आजोबा, तुझा हेल्मेट खूप कूल दिसते." तिचं मराठी असंच आहे. आजोबांनी तिला सलाम ठोकला.

दाराशी एक पाटी होती. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी, बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी कृपया आधी सांगावं. तिसऱ्या ओळीत मी होतो. कुणी विचारलंही नसतं. हात वर केला असता, म्हटलं असतं, मी येत नाही — काय झालं असतं? चार लोक हसले असते. वृषाली म्हणाली असती, आधी का नाही सांगितलंस? संध्याकाळपर्यंत सगळे विसरून गेले असते.

पाळणा वर आला. दार करकरलं. आत अंधार, लोखंड आणि खांद्याला खांदा लावून उभी राहणारी माणसं. माझ्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. बाबा माझ्या पुढेच होते. ते वळून म्हणाले, "चला जावईबापू." आणि मी त्यांचं मनगट धरलं.

आता सांगतो.

मी त्यांची नाडी पाहिली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर पंधरा सेकंद पाहिली. अठरा ठोके, म्हणजे मिनिटाला बहात्तर, एकसारखे, भरीव, पोरसवदा. आणि मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो, "बाबा, ठोके चुकताहेत. तुम्ही खाली जाऊ नका. मी थांबतो तुमच्याबरोबर."

अंगठ्याने धरली असती तर निदान असं म्हणता आलं असतं की मला माझेच ठोके लागले. पण मी तीन बोटांनी धरली होती, कॉलेजात शिकवतात तशी. चूक झाली नाही. मी खोटं बोललो.

तुम्हाला वाटेल, पकडला कसा गेला नाही? मंडळाच्या कोचमध्ये निम्मे तर डॉक्टर. शेजारीच एजवेअरला राहणारा सुहास उभा होता, माझा वीस वर्षांचा मित्र आणि हृदयाचाच डॉक्टर. तो म्हणाला, "थांब, मी बघतो." त्याने बाबांचं दुसरं मनगट धरलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. नाडीवरून त्याची नजर माझ्या कपाळावरच्या घामावर गेली. आमच्या धंद्यात एक रीत आहे — एका डॉक्टरने पेशंटच्या नातेवाइकांसमोर दुसऱ्याला खोटं पाडायचं नाही. सुहासने ती पाळली. घसा साफ करून म्हणाला, "राहू दे काका. उगाच रिस्क कशाला?" आणि पाळण्यात शिरला. त्यानंतर आठ वर्षांत आम्ही या विषयावर एक अक्षर बोललेलो नाही. दर दिवाळीला तो मला बाकरवडी देतो आणि डोळ्यांत न बघता देतो.

बाबांनी वाद घातला नाही. जावई आणि डॉक्टर, दोन्ही एकाच माणसात असल्यावर नागपूरचा माणूस वाद कसा घालणार? त्यांनी हेल्मेट काढलं, दोन्ही हातांनी दारावरच्या माणसाला परत दिलं आणि त्याला "थँक यू" म्हणाले. वृषालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तू आहेस म्हणून," एवढंच म्हणाली आणि ओवीचा हात धरून खाली गेली. सासूबाईंनी खाली जायला आधीच नकार दिला होता. त्या बाकावर रामरक्षा म्हणत बसल्या.

तो तास मला अजून आठवतो. कारण त्या तासात मला फार छान वाटत होतं. हे सांगायला लाज वाटते, पण वाटत होतं. मोकळी हवा, गरम चहा, वर डोंगर. बाबा मात्र खाणीच्या जुन्या ऑफिसात जाऊन आले. तिथे भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि खाणकामगारांचे पितळी बिल्ले टांगलेले होते. प्रत्येकाचा नंबर वेगळा. बाबा मला समजावत होते की आत जाणारा माणूस बिल्ला देऊन जातो, वर आला की परत घेतो, आणि संध्याकाळी बिल्ला उरला तर माणूस खाली आहे. "जगभर एकच पद्धत हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "जावईबापू, चौतीस वर्षं मी माणसं आत जाताना पाहिली, बाहेर येताना पाहिली. मधलं काही पाहिलं नाही. आता तुम्ही म्हणता तर राहू द्या."

मी म्हटलं, "चहा घ्या. साखर नको."

हो, साखरही मीच बंद केली. खोटं एकदा बोललं की त्याला नीट जेवूखाऊ घालावं लागतं.

मंडळी वर आली तेव्हा बाबा दाराशी उभे राहून त्यांना मोजत होते. अठरा गेले होते, अठरा आले. मग त्यांनी ओवीला शेजारी बसवून सगळं विचारलं — छत किती उंच होतं, पाणी गळत होतं का, खाली सगळ्यांना दिवे मालवायला लावतात तेव्हा काय दिसलं. ती म्हणाली, "काहीच नाही दिसली आजोबा. माझा हात पण नाही दिसली." बाबांनी डोळे मिटून हात चेहऱ्यासमोर धरून पाहिला.

परतीच्या वाटेवर अध्यक्षांनी कोचच्या माइकवरून माझा सत्कार केला. खाणीसारखी गंमत सोडून सासऱ्यांपाशी बसला, असा जावई मिळायला पुण्याई लागते, वगैरे. टाळ्या वाजल्या. सुहास खिडकीबाहेर पाहत होता.

पुढचं तर विचारूच नका. बाबा नागपूरला परत गेले ते हार्ट पेशंट होऊनच. सावजी बंद. सूर्यनमस्कार बंद. रामटेकला घरचे पायऱ्या चढून वर गेले, बाबा खाली चपला सांभाळत बसले. सासूबाई दुधीचा रस पाजू लागल्या. तिकडच्या तीन डॉक्टरांनी तीन कार्डिओग्राम काढून सांगितलं की काहीही नाही. बाबा त्यांना म्हणत, "आमच्या जावयानं लंडनात धरलं ते. तुमच्या मशीनमंदी नाही दिसणार." पुढच्या अधिक महिन्यात सासूबाईंनी माझ्यासाठी वाण पाठवलं. तेहेतीस अनारसे आणि चांदीचा दिवा, इकडे येणाऱ्या एका ओळखीच्याच्या हाती. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कुंकू राखलंत.' अनारशांचा प्रवासात भुगा झाला होता. मी तो चमच्याने खाल्ला. सगळा खाल्ला.

इथवर ऐकून तुम्ही हसला असाल. मीही हसतो कधीकधी. हे इथेच थांबलं असतं तर मी कदाचित सांगितलंही नसतं.

गेल्या डिसेंबरात, एका रविवारी, बाबांचा फोन आला. आवाजात जुना ताठपणा होता. त्यांची ती जुनी खाण आता बंद होणार होती. बंद करण्याआधी जुन्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना बघायची असेल त्यांना एकदा खाली नेऊन आणायचं ठरलं होतं. आता आत जायला उतरता रस्ता आहे, बसवून नेतात, सोबत डॉक्टर असतो. गुरुवारी सकाळी गाडी दारात येणार होती. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही हो म्हणाल तरच जातो. जाऊ का?"

फोन स्पीकरवर होता. वृषाली शेजारी मटार सोलत होती. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत पूर्ण विश्वास. हो म्हणायला काय लागलं असतं? एक अक्षर. फार तर तिने विचारलं असतं, आता कसं काय चालतं रे? आणि मग मला काहीतरी सांगावं लागलं असतं. कदाचित नवं खोटंही सुचलं असतं, मला ते जमतं. पण तेवढाही धोका मला नको होता. आठ वर्षं मी त्या घरात चांगला माणूस होतो. ते मला सोडवेना.

मी म्हटलं, "नको बाबा."

बाबा "बरं" म्हणाले. आणि मला विचारलं, तुमच्याकडे थंडी कशी आहे.

मी सांगितलं, यंदा फारशी नाही.