एका तोंडाचा एकच पेशंट

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत, द्वारकेच्या माझ्या क्लिनिकमध्ये एका पेशंटच्या तोंडात आरसा धरून बसले होते. हा फोन येणार हे कितीतरी दिवस ठाऊक होतं… आणि त्याचाच मला संताप आला.

ताई आमच्या डेंटल कॉलेजात एमडीएसच्या, म्हणजे पदव्युत्तर वर्गाच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवायच्या. मूळच्या पुण्याच्या, पण हिंदीत रागवायला लागल्या की दिल्लीवालेही गप्प! पहिल्याच तासाला त्या प्लास्टरचा जबडा टेबलावर आपटायच्या. "बताओ, पेशंट कितने?" एकाच माणसाचे सगळे दात मोजायचे आणि तितकी माणसं तपासली असं थिसिसमध्ये ठोकून द्यायचं, ही आम्हा डेंटिस्ट लोकांची जुनी खोड. कुणी दातांचा आकडा सांगितला की ताई कडाडायच्या, "अरे यार, मुँह तो एक ही है ना! एक सडला की शेजारचा सुटतो होय?" ते शेवटचं मराठी वर्गात मला एकटीलाच कळायचं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर सहकारी झाले.

गेल्या हिवाळ्यात शिकवता शिकवता त्यांची जीभ सारखी डाव्या गालाकडे जायला लागली. मी त्यांना बळेच खुर्चीत बसवून बघितलं. आत पांढरा चट्टा, पुसून न जाणारा. असा चट्टा म्हणजे कॅन्सरची सुरुवात असू शकते. तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट चांगला आला, ताईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. चट्टा मात्र पसरत होता…

"ताई, एका जागेचा तुकडा म्हणजे अख्खं तोंड नव्हे. तुम्हीच शिकवलंत ना? दुसऱ्या जागेचा घेऊ या."

"मुलांचे थिसिस जाऊ देत गं आधी. रिपोर्ट आलाय ना चांगला? चलो, चहा सांग."

बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. गणित त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या घाबरल्या होत्या. थिसिस गेले, तोवर त्यांना चमचा जाण्याइतकंही तोंड उघडेना.

आता त्यांचा तास माझ्याकडे आलाय. जबडा तोच, आपटून आपटून कोपरा उडालेला. परवा मी विचारलं, "पेशंट कितने?" सीनियर्सनी पढवून ठेवलेली मुलं एका सुरात ओरडली, "एक!" मला हसू आलं, रडूही आलं. आणि मग लक्षात आलं, माझी जीभ गालाच्या आत काहीतरी चाचपतेय. खरखरीत लागतंय…

आरसा ॲप्रनच्या खिशातच असतो. मी तो अजून काढलेला नाही.