कोरड्या श्रावणात खळीवर आलेला आळ

नागपूरचं ऊन आम्हाला नवं नाही. वैशाख तापतो, तापलाच पाहिजे. पण एकदा मृग लागला की हवा ओली होते अन् कोष्ट्याच्या घरातलं सूत मऊ पडतं. माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. श्रावणातही धुतलेलं लुगडं दुपारच्या आत पापडासारखं कडक व्हायचं. ढग यायचे, तोंड दाखवायचे अन् निघून जायचे.

आमचे हे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचे. उभ्या सुताला बळ यावं म्हणून आधी ज्वारीच्या पिठाची खळ लावतात. ती शिजवणं माझं काम. त्या श्रावणात हे आडव्या सुताचा धोटा फेकायचे, अन् उभी तार तुटायची. जोडायचे, पुन्हा तुटायची. व्यापाऱ्याला पोळ्याच्या आधी माल द्यायचा होता.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी पिठाचा डबा उघडून पाहिला.

"पीठ कुठी जाते वं?"

"खळीत जाते, आत्याबाई."

"मंग तार काहून तुटते? उमरेडले मागाच्या पिठाच्या भाकरी थापतात का?"

उमरेड माझं माहेर. मी म्हटलं, "उमरेडले तार तुटली तं सुताले पाहतात, सुनेले नाही."

हे बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून डब्यातल्या पिठावर त्यांच्या पंजाचा ठसा दिसायला लागला. पीठ काढलं की कळावं म्हणून. धान्याची टंचाई होती, रेशनची लाल ज्वारी खाऊन आम्ही दिवस काढत होतो, तेव्हा संशय यायचा तो आलाच. अन् वरून त्यांनी सांगून टाकलं, "राखीले भाऊ येईन, त्याच्यासंगं जाय. आमी बोलावू तवा ये."

असं बोलावणं कधी येत नसतं, हे गल्लीतल्या बकरीलाही ठाऊक होतं.

मग मलाही शंका यायला लागली. लग्नाआधी आत्याबाईंच्या मनात सून म्हणून त्यांच्या भावाची पोरगी होती. ह्याच तर रात्री खळीत पाणी घालत नसतील? मी त्यांच्यावर नजर ठेवली, त्या माझ्यावर. शेवटी त्यांनी खळ स्वतःच शिजवली, चांगली घट्ट. तर तार आणखीच तुटायला लागली. मी हातही लावला नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, "हात नाही लावला, नजर तं लावली."

नागपंचमीला चार थेंब पडले. अंगणातली धूळसुद्धा नीट बसली नाही, पण आभाळ दिवसभर दाटून राहिलं, अन् त्या दिवशी एकही तार तुटली नाही. खळ तीच, आत्याबाईंची. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सकाळी माग बरा चालला, ऊन चढलं अन् तार पुन्हा टणटण तुटायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: दोष खळीचा नाही, कोरड्या हवेचा. मी गोणपाटाच्या दोन बोऱ्या भिजवल्या, एक खिडकीला टांगली, एक खड्ड्याभोवती अंथरली.

आत्याबाई आल्याच. "नळाले धार नाही अन् तू जमिनीले आंघोळ घालून राहिली?"

आमचे हे लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यासाठी बोलले. तेही मान वर न करता. "राहू दे माय. तार तुटून नाही राहिली."

त्या खाली बसल्या. सूत चाचपलं, बोरीचा वास घेतला. "काय मिसळलं याच्यात?"

"काही नाही. आंघोळीचं सांडपाणी आहे."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

 दुसऱ्या दिवशी आत्याबाई घंगाळात बसून न्हाल्या, अन् पाण्यानं भरलेलं घंगाळ माझ्यासाठी तसंच ठेवून गेल्या.

राखीला भाऊ आला. माझं बोचकं दाराशी बांधून तयार. आत्याबाईंनी त्याला चहा दिला, आभाळाकडे पाहिलं अन् म्हणाल्या, "पाऊस पडला का मंग न्या हिले. सध्या बोऱ्या कोण भिजवीन?"

भावाला काही उमगलं नाही. तो राखी बांधून घेऊन एकटाच परत गेला. आमचा माल वेळेवर गेला, अन् पाऊस काही आला नाही. सारं शहर ढगाची वाट पाहत होतं, देवळांत पाण्यासाठी भजनं बसली होती. मीही जाऊन टाळ्या वाजवायची. पण संध्याकाळी पश्चिमेला काळं काही दिसलं, की माझ्या टाळ्या थांबायच्या अन् दाराशी बांधलेलं बोचकं आठवायचं.