चेनवाल्या वहिनी आणि मैदानावरची बंद खोली

घरातली सकाळ नेहमीसारखीच चालली होती, म्हणजे सगळे एकाच वेळी बोलत होते आणि कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. एक बूट सापडेना म्हणून यजमान पलंगाखाली शिरले होते. बूट जिथं हमखास नसणार तिथंच शोधायची आपल्या लेकाची लहानपणापासूनची खोड सासूबाई खुर्चीत बसून साऱ्या घराला समजावून सांगत होत्या. आणि चेनवाल्या वहिनी एका हातानं डब्याचं झाकण दाबत, दुसऱ्या हातानं पेल्यातलं पाणी गुपचूप मोरीत ओतत होत्या.

"ओतलंस ना?" सासूबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू झालाय मला, पण एवढं दिसतं."

"अहो आई, अर्धं प्यायले की."

"अर्ध्यावर चिमणी जगते. डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय?"

वहिनी काही बोलणार तोच दारावर थाप पडली. थाप कसली, दार खिळखिळं करायचाच बेत होता. उघडून बघतात तो मैदानावरचा वॉचमन. मांजर उचलून आणावं तशी दोन्ही हातांत एक भलीमोठी बॅग धरलेली, आणि बॅगेचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेलं.

"वहिनी, आज उशीर करू नका. मुली आल्यात."

"कुठल्या मुली?"

"स्पर्धेच्या! राष्ट्रीय स्पर्धा, देशभरातून संघ आलेत. बसच्या टपावरून बॅगा खाली टाकल्या, निम्म्या उसवल्या. दुपारी सामना आहे आणि एका संघाची कप्तान रडायच्या बेतात आहे."

"कसला खेळ म्हणायचा हा?" सासूबाईंनी विचारलं.

"लॅक्रोस. लांब काठी, काठीच्या टोकाला जाळी. जाळीत चेंडू झेलायचा आणि घेऊन पळत सुटायचं. दुसऱ्यांनी तो पाडायचा."

"म्हणजे आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटवरून होतं तेच," सासूबाई म्हणाल्या. पलंगाखालून यजमान हसले, आणि हसता हसता त्यांचं डोकं पलंगाच्या फळीला आपटलं. बूट मात्र सापडला.

वहिनींचं खरं नाव गल्लीत फारसं कोणाला ठाऊक नाही. मैदानाच्या भिंतीला पाठ लावून त्या बसतात. तुटलेल्या चेनी बसवणं, पट्टे शिवणं, छत्रीची काडी सरळ करणं हा त्यांचा धंदा. पूर्वी त्या बॅगांच्या कारखान्यात होत्या. कारखाना बंद पडला त्या दिवशी बाकीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. वहिनीही रडल्या, पण रडता रडता त्यांनी मुकादमाकडे चेनीच्या रनरचं एक खोकं मागितलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात पोतं अंथरून भिंतीशी बसल्या. डावीकडे फुलवाल्या आजी, उजवीकडे भाजीवाली, पलीकडे मोजे-रुमाल विकणाऱ्या दोघी जावा. भिंत एक, संसार अनेक.

या भिंतीचा एक नियम होता. तो कोणी केला नव्हता आणि मोडतही कोणी नव्हतं: दिवसभर पाणी प्यायचं नाही. सकाळी दोन घोट, मग संध्याकाळी घरी गेल्यावर. कारण उघड आहे. प्यायलं तर जायचं कुठं? पुरुषांचं काय, त्यांना सगळं जग मोकळं. बायकांना बसस्थानकापर्यंत चालत जावं लागे, आणि तिथलं बघून तसंच परत यावंसं वाटे. मैदानावर बायकांच्या स्वच्छतागृहाची एक खोली होती खरी, गॅलरीच्या मागे. कधीतरी नळ फुटला म्हणून ती दोन दिवसांसाठी बंद केली, आणि ते दोन दिवस काही संपले नाहीत. पुढे तिच्यात मैदान सपाट करायचा रूळ ठेवला, मग अडथळ्याच्या शर्यतीचे अडथळे, मग पाय मोडलेल्या खुर्च्या. शेवटी कुलूपही गंजून दाराचाच अवयव झालं.

या कोरड्या नियमापायी वहिनींना लघवीच्या जळजळीचा त्रास दोनदा झाला. दुसऱ्या वेळी तापानं फणफणल्या. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत बजावलं, "पाणी प्या. तिसऱ्यांदा अशा आलात तर घरी सोडणार नाही, इथंच ठेवून घेईन." वहिनींनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? भिंतीशी बसायचं तर कोरडंच बसायला हवं, आणि भिंत सोडली तर घरात न मागता येणारं सामानही बंद होणार. दोन्हींतून एक निवडायचं होतं, आणि वहिनी रोज सकाळी मोरीत पेला रिकामा करून भिंत निवडत होत्या.

त्या दिवशी भिंतीपाशी पोचल्या तर रस्ताच ओळखू येईना. महिनाभर नगरपालिकेची माणसं खपत होतीच. पदपथावरच्या निघालेल्या फरश्या बसल्या, वर्षानुवर्षं डोळा मारणारे दिवे नीट जळू लागले. आता माणसंही आली होती. बेकरीवाल्याच्या दारात रांग, कपडे धुणाऱ्याच्या दोरीवर सात रंगांचे गणवेश, फळवाला तर गिऱ्हाइकाशी चक्क गोड बोलत होता.

"पाहुणे आले की आपण घर झाडतो ना, तसं आहे हे," फुलवाल्या आजी म्हणाल्या. "फळवाल्याचंही तोंड झाडून घेतलंय."

गॅलरीमागची ती खोलीसुद्धा उघडली होती. एवढ्या मुली येणार म्हटल्यावर उघडणं भागच होतं. पांढऱ्या फरश्या, नवे नळ, आतून लागणारी कडी, दाराला पिशवी अडकवायला आकडा. भिंतीशी बसणाऱ्या बायकांनी हे सगळं काम लांबून पाहिलं होतं, शेजारच्या घरातलं केळवण खिडकीतून पाहावं तसं. दारावर पाटी होती: फक्त खेळाडूंसाठी.

उसवलेल्या बॅगांचा ढीग वहिनींसमोर येऊन पडला. कप्तान मुलगी स्वतः घेऊन आली होती. सोळाएक वर्षांची, गुडघ्याला पट्टी, तोंडात सारखं "काकू, होईल ना?" वहिनी म्हणाल्या, "होईल ना म्हणत उभी राहिलीस तर नाही होणार. जा, खेळून ये."

ती गेली, वहिनी कामाला लागल्या. रनर बदलले, शिवणी दुहेरी मारल्या. सगळं झाल्यावर पाहतात तो एका बॅगेत खेळायची काठी राहिलेली, आणि तिच्या टोकाची जाळी मधोमध लोंबलेली. वहिनींचा जीव कळवळला. एवढी मोठी स्पर्धा आणि पोरीची जाळी अशी ढिली! कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी दोऱ्या सोडल्या, एकेक ओढून घेतली, आणि जाळी अशी ताठ केली की बोट मारलं तर टण्ण वाजावं. त्याचे पैसे धरले नाहीत. चांगलं काम केल्याचं समाधान तेवढं धरलं.

मुली बॅगा घेऊन गेल्या, आणि थोड्या वेळानं कप्तान काठी घेऊन परत आली. चेहरा लालबुंद, रडतेय की हसतेय कळेना.

"काकू, ही... ही कोणी आवळली?"

"मी. लोंबत होती ना."

"ती लोंबायलाच हवी! त्या खोलगटात चेंडू बसतो. मी सरावात पहिला चेंडू झेलायला गेले आणि तो जाळीवरून उडाला तो थेट पंचांच्या टोपीवर!" आणि ती मटकन खाली बसून उचकी लागेपर्यंत हसली.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी आपली पलंगाची नवार ताणावी तशी ताणली!"

"दुरुस्तीचा किडा चावलाय हिला," फुलवाल्या आजी म्हणाल्या. "उद्या माझ्या सुरकुत्या ओढून बसवेल."

मग कप्तान पोत्यावर शेजारी बसली, आणि वहिनींनी तिच्या सांगण्याप्रमाणे एकेक दोरी सैल केली. थोडी अजून, थोडी अजून, बास. ऊन डोक्यावर आलं होतं. मुलीनं बाटली उघडून पुढं केली.

"घ्या काकू, गार आहे."

"नको गं."

"घ्या हो. उष्टी नाही केलेली."

"अगं, तसं नाही. मी पीत नाही दिवसा."

"उपास आहे?"

वहिनींनी पुन्हा दोरी हातात घेतली. आजींना मात्र कोणी गप्प करू शकत नाही. "उपास कसला! प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नाही. या भिंतीशी आम्ही सगळ्या अशाच, वाळवणासारख्या."

मुलगी आधी हसली, मग हसायची थांबली. तिनं गॅलरीकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. गळ्यातलं खेळाडूचं ओळखपत्र काढलं आणि वहिनींच्या गळ्यात घातलं. "प्या आता. पूर्ण बाटली."

नको नको म्हणत वहिनींनी बाटली संपवली. पाणी घशाखाली उतरताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आणि मग व्हायचं ते झालंच. अर्ध्या तासानं त्या पदर सावरत गॅलरीमागे निघाल्या, मागे मागे गंमत बघायला आजी.

दाराशी वॉचमन. त्यानं ओळखपत्र हातात घेतलं, मोठ्यानं वाचलं. "वय वर्षे सोळा?"

"दिसत नाही का?" आजी म्हणाल्या. "उन्हानं जरा सुकलीय."

"आणि हा फोटो?"

"भाऊ," वहिनी कळवळून म्हणाल्या, "फोटो मागाहून बघा हो, मला आधी जाऊ द्या!"

वॉचमन बाजूला झाला. त्यालाही घरी बायको होती.

दुसऱ्या दिवसापासून तो काही वाचेनासा झाला. वहिनी आल्या की त्याला आभाळात काहीतरी दिसे. भाजीवाली आली की त्याच्या बुटाचा बंद सुटे. इतर संघांच्या मुलींनीही आपापली ओळखपत्रं भिंतीच्या बायकांना उसनी दिली. मोजेवाल्या जावांपैकी थोरली गोलरक्षक झाली, धाकटी राखीव खेळाडू. भिंतीच्या त्या जुन्या नियमाचं आता नावही कोणी काढेना. मुलींच्या सामन्याला बायका भिंतीवरून डोकं काढून ओरडू लागल्या, आणि शाळेतून परतणाऱ्या गल्लीतल्या मुली दप्तरासकट थांबू लागल्या. कप्ताननं त्यांना दोन जुन्या काठ्या देऊन टाकल्या. "जाळी कोणी ताठ करू देऊ नका हं," असं वहिनींकडे तिरकं बघून सांगायला ती विसरली नाही.

घरीही फरक पडला. संध्याकाळी वहिनींचं डोकं दुखेना. एरवी दारातूनच कोणावर तरी खेकसत यायच्या, ते बंद झालं.

"हल्ली तुझ्याआधी तुझा आवाज घरात येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "बरी आहेस ना?"

"पाणी पिते, आई. दिवसभर."

सासूबाईंनी सुनेकडे नीट निरखून पाहिलं. जळजळ नाही, कण्हणं नाही, चेहऱ्यावर तकाकी. "आणि स्पर्धा संपल्यावर?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी ताटं मांडायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यातलं पाणी त्यांनी ओतलं नाही, पण प्यायलंही नाही.

शेवटचा दिवस उजाडला. कप्तानच्या संघाला तिसरा क्रमांक मिळाला, आणि पहिला मिळाल्यासारखं नाचून झालं. बसवर बॅगा चढल्या, एकीचीही शिवण उसवली नाही. मुली हात हलवत गेल्या. जाण्याआधी त्यांची ओळखपत्रं परत गोळा झाली होती, तसा नियमच होता.

वहिनी एका छत्रीत काडी ओवत होत्या. तेवढ्यात आजींची हाक आली. "अगं ए! रूळ चाललाय बघ!"

खरंच. चार माणसं रूळ ढकलत गॅलरीमागे नेत होती, मागून दोघांच्या डोक्यावर मोडक्या खुर्च्या. एकाच्या हातात नवं कोरं कुलूप चमकत होतं.

वहिनींनी छत्री गिऱ्हाइकाच्या हातात तशीच उघडी दिली आणि निघाल्या. आयुष्यात कधी कोणाच्या वाटेत उभ्या राहिल्या नव्हत्या. आज दाराच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. रूळ थांबला. रूळवाले म्हणाले, "बाई, सरका." बाई सरकल्या नाहीत. मागून आजी, भाजीवाली, दोघी जावा येऊन उभ्या राहिल्या. शेवटी मैदानाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण स्पर्धेच्या धावपळीनं घसा बसला होता.

"काय झालं वहिनी? तुमचं तर फार कौतुक झालं. मुलींनी जाताना नाव घेतलं तुमचं."

"साहेब, रूळ कुठं ठेवताय?"

"जिथं होता तिथं. पावसात गंजेल नाही का."

"गॅलरीच्या पायऱ्यांखाली जागा आहे. छप्परही आहे. सध्या तिथं कुत्री झोपतात."

"कुत्री कुठं जातील?" रूळवाल्यांपैकी एकानं विचारलं.

"त्यांना सगळं जग मोकळं आहे," आजी म्हणाल्या.

साहेब हसले, मग गंभीर झाले. "अहो, पण खोली उघडी ठेवली तर झाडणार कोण? चार दिवसांत उकिरडा होईल. मग लोक मलाच बोलतील."

"आम्ही झाडू. पाचजणी आहोत, पाळी लावू. नळ गळला तर मी वायसर बदलेन, तेवढं येतं मला. अडलंच तर तुम्हाला हाक मारू."

"बरं, एक अर्ज द्या. वर पाठवतो."

"अर्ज द्यायलाही तयार आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचे पाय जागचे हलले नव्हते. "पण अर्ज वर जाऊन खाली येईपर्यंत आम्ही काय प्यायचं? डॉक्टरबाईंनी मला शेवटचं बजावलंय. पाणी सोडलं तर दवाखान्यात जाईन, आणि भिंत सोडली तर घर अडेल. या मुली होत्या तोवर दोन्ही जमलं."

साहेबांनी कुलुपाकडे पाहिलं. रूळवाल्यांनी साहेबांकडे पाहिलं. वॉचमन आभाळाकडे बघत नव्हता. तोही वहिनींकडेच बघत होता.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" साहेबांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "हे दार रोज सकाळी उघडा आणि संध्याकाळी आम्ही घरी गेल्यावर बंद करा. एवढंच."