दिव्याकडे न वळलेले डोळे

डॉक्टरअण्णांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी माझा लेख हवा, असा निरोप आला आणि मी गोंधळले. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, तरी आमची पहिली भेटच मला अजून नीट उलगडलेली नाही. तीच सांगते.

राजेश्वर गावच्या शाळेत नेत्रशिबिर होतं. मी सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, दाखवायला घेऊन गेले होते. टेबलावर एक लाकडी कमान होती, तिच्यावर टॉर्चचे इवले बल्ब बसवलेले. डॉक्टरअण्णांनी ती भालकीच्या सुताराकडून करून घेतली होती. माणसाला समोर बसवायचं, कडेचा एखादा बल्ब पेटवायचा आणि आपण कमानीच्या मधल्या भोकातून त्याचे डोळे पाहायचे. "दिसतंय का?" असं ते कधी विचारत नसत. डॉक्टरांना नाही म्हणणं आमच्याकडे उद्धटपणाचं, त्यामुळे नजर गेलेली माणसंही 'व्हय' म्हणायची. डोळे मात्र दिवा दिसला तरच तिकडे वळत.

अक्कांचे वळले. "तुम्हीबी बसा की," डॉक्टरअण्णा मला म्हणाले. बल्ब लागले, विझले म्हणे. मला समोरचं भोक तेवढं दिसत होतं.

"लाजायलीय ती," अक्का कौतुकानं म्हणाल्या. "आमची सून इकडं तिकडं बघतच न्हाई."

"लाजलेला डोळाबी दिव्याकडं पळतोय, अक्का. हिचा पळंना."

काचबिंदू निघाला. कडेची नजर गेली होती, मधली उरली होती. मी चक्रावूनच गेले. शेजारी उभ्या माणसाकडे न पाहणं, जपून पाऊल टाकणं, हे माझं चांगलं वळण म्हणून गल्लीत वाखाणलं जाई. मलाही ते खरं वाटे. लाज कुठं संपली आणि आजार कुठं सुरू झाला, ते मला आजही सांगता येत नाही.

अक्कांचा चेहरा पडला. "मग हिला माहेरी धाडावं काय?"

अशा सुनेला परत बोलावणं येत नसे.

"कामून? थेंब घालायचं काम सासूचंच हाय. दुसऱ्याच्या हातानं चालायचं न्हाई," असं कडक आवाजात सांगून डॉक्टरअण्णांनी बाटली अक्कांच्या हातात ठेवली. गुलबर्ग्याला माझं ऑपरेशन झालं, तेव्हा अक्का उशाशी बसून होत्या.

थेंब कुणीही घालू शकतं, हे मला पुढं त्यांच्याच शिबिरांत रुग्णांना कमानीसमोर बसवायला लागल्यावर कळलं. मी विचारलं, "अण्णा, ते औषध होतं की डाव?" ते कमान पुसत राहिले. अक्का आजही त्या बाटलीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत.

गेलेली नजर परत आली नाही. उरलेली डॉक्टरअण्णांनी राखली, आणि घरही. अण्णा, निरोगी शंभरी गाठा. सत्काराच्या दिवशी फक्त तुमची खुर्ची माझ्या अगदी समोर मांडायला सांगा. कडेला बसलात तर मला दिसणार नाही, आणि मला तुम्हाला डोळे भरून पाहायचंय.