वरच्या टोकाचा माणूस

आप्पांना जैसलमेरला न्यायचं नूतनच्या डोक्यात आलं, ते काही वाळवंट बघायच्या हौसेपायी नव्हे. माघी पौर्णिमेला शेजारच्या गावची जत्रा होती आणि जत्रेत बैलगाड्यांच्या बाऱ्या. त्या दिवशी बापाला आपल्या गावापासून, महाळुंगे पडवळपासून, जमेल तितकं लांब ठेवायचं, एवढाच लेकीचा बेत.

बारी म्हणजे गाड्याला चार बैल, पुढे घोडी, आणि सगळं घाटातून, म्हणजे शर्यतीच्या चढावरून, सुसाट वर. घड्याळ थांबतं, बैल थांबत नाहीत. ते धरायला वरच्या टोकाला माणसं लागतात. शर्यतबंदीची वर्षं सोडली तर आप्पा, म्हणजे सावळेराम, तरणे होते तेव्हापासून तिथेच उभे राहत आलेले. हात पसरून समोर जायचं, बैल बिचकून वेग तोडतो, तेवढ्यात बाजूला होऊन वेसण धरायची. गेल्या साली बाजूला व्हायला उशीर झाला आणि दोन बरगड्या मोडल्या. पाय घसरला, असं ते सगळ्यांना सांगत. साठी उलटून गेली होती, पण तो विषय काढायची कुणाची टाप नव्हती.

नूतनने आधी तिकिटं काढली, मग सांगितलं. लंकाबाई जन्मात पहिल्यांदा नवऱ्याविरुद्ध लेकीच्या बाजूने बोलल्या. सावळेराम काय समजायचं ते समजले. गाडामालक सयाजीला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आत्ता न्हाई जमत. चैताच्या जत्रंला वर मीच." आणि मुकाट्याने निघाले.

जैसलमेरला पिवळ्या दगडाचा किल्ला, लख्ख ऊन आणि त्याच दिवसांत भरणारा मरू महोत्सव. मिशांच्या स्पर्धेत लंकाबाई भलत्याच रमल्या. "अवो, तुमची मिशी हितं पहिल्याच फेरीत बाद," त्या म्हणाल्या. सावळेराम हसले नाहीत. बिचाऱ्या मिशीचा काही दोष नव्हता, माणूसच जागेवर नव्हता.

पौर्णिमेला उंटांची शर्यत होती. सगळे सावली धरून उभे राहिले, सावळेराम मात्र शेवटच्या रेषेपुढे, दोरीला लागून, भर उन्हात. सारखे घड्याळ बघत होते. घाटात आता बाऱ्या सुटत असणार.

"हितं धरायला माणसं कुठं हायेत?" त्यांनी लेकीला विचारलं.

"वर बसलेला माणूसच थांबवतो, आप्पा."

हे काही त्यांना पटलं नाही.

उंट सुटले. बाकीचे रेषेपलीकडे सावकाश झाले, एक मात्र आवरेना आणि दोरीकडे वळला. लोक मागे पांगले. सावळेराम दोरीखालून आत शिरले आणि हात पसरून त्याच्यासमोर गेले. बैल असता तर बिचकला असता. उंटाची नजर पार त्यांच्या टोपीवरून पलीकडे होती. त्यांनी बाजूला व्हायचं ठरवलं, अगदी वेळेवर ठरवलं, पाय मात्र जागचे हलले नाहीत. उंटाचा गुडघा खांद्याला लागला आणि ते वाळूत जाऊन बसले. पुढे दहा पावलांवर स्वाराने उंट आवरला आणि हिंदीत चार शब्द सुनावले. उंटामागे गाडा नव्हता म्हणून चार शब्दांवर भागलं.

नूतन धावत आली. रागवायचं सोडून तिने बापाला स्वतःच सबब देऊ केली.

"पाय घसरला का, आप्पा?"

"न्हाई," सावळेराम म्हणाले. "उचललाच न्हाई." टोपीवरची वाळू झटकत म्हणाले, "गेल्या सालीबी उचलला नव्हता."

वाळूतच बसून त्यांनी लेकीला सयाजीचा फोन लावायला सांगितला. पलीकडे घाटाचा गलका होता.

"सयाजी, चैतात वर दुसरा माणूस बघ. माझ्यानं न्हाई व्हायचं आता."

नूतन ज्यासाठी एवढ्या लांब आली होती ते झालं होतं, आणि तिला रडू आवरत नव्हतं.

"बरं, आप्पा," सयाजी म्हणाला. "ठेवू का? आपलीच बारी हाय."

"ठेवू नको."

फोन कानाला लावून ते बसून राहिले. भिर्रर्र असा ओरडा उठला, चढत गेला, फुटला.

"धरलं का?"

"धरलं की. तुमच्या जागी गोरख हुता, त्यानं."

सावळेरामांनी फोन लेकीला दिला आणि उठवायला म्हणून हात तिच्यापुढे केला.