तबकडीकडे पाठ

अप्पांना कमी ऐकू येतं हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. मान्य नाही ते फक्त अप्पांना. उभा जन्म त्यांनी कबनूरला यंत्रमाग चालवले, आई शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. कानाच्या मशीनसाठी मी राजारामपुरीतल्या डॉक्टरांची दोनदा वेळ घेतली आणि दोन्ही वेळा अप्पांना नेमकं जोतिबाला जायचं होतं.

यंदा सुट्टीत आम्ही तिघं भावाकडे बंगळूरला गेलो होतो. तिथल्या विज्ञान संग्रहालयात, एका लांबलचक दालनाच्या दोन टोकांना माणसाहून उंच तबकड्या होत्या. एकीसमोर कुजबुजलं की दुसरीसमोरच्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं म्हणे. अप्पांना चेव आला.

"हितं मला ऐकू आलं, तर मशीनचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

"कबूल. न्हाय आलं तर घरी गेल्या गेल्या डॉक्टरांकडं."

आई त्या टोकाला, अप्पा या टोकाला, मी मधोमध. आई काहीतरी पुटपुटली. अप्पांनी सगळं दालन दणाणून सोडलं, "दूध शेजारणीकडं घालाय सांगिटलंय की!" लोक वळून बघायला लागले. आईने मान डोलावली. मी हरले, आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला.

मग माझ्या लक्षात आलं. तोंड तबकडीकडे करायचं असतं. हे दोघं तबकडीला पाठ करून एकमेकांकडे बघत उभे होते. मागांच्या खडखडाटात कुणाचा आवाज कुणाला पोचत नाही, तिथे सगळे ओठ वाचूनच बोलतात. लबाड कुठले!

मी ओरडणार, तेवढ्यात अप्पांचे ओठ नुसतेच हलले, "गंडवली का न्हाय पोरीला?"

तिकडून आईचे हलले, "अवं, मलाबी ऐकू येईना झालंय. तिला कळू देऊ नगासा."

मीही त्याच मागांच्या शेडमध्ये वाढले, हे दोघंही विसरले होते. मी बोलताना आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. ती माया, असं मी समजत होते.

पैज मी मोडली नाही. कोल्हापुरात आल्यावर डॉक्टरांची वेळ आईच्या नावाने घेतली. त्या दिवशी अप्पा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"तिला एकटीला कशी धाडायची? मीबी येतो की."